‘लाल साचा’मधली मुलगी

किकुनो : तेच तेच किती वेळा विचारणार, साहेब? त्या सिनेमात कुणीही मेलेलं नाही.

तोकितो : मग ती मुलगी कुठे आहे?

किकुनो : ते नाही सांगणार.

तोकितो : बघा, घोडं इथेच अडतंय. जिवंत आहे म्हणता, आणि दाखवा म्हटलं की तोंड मिटता. नागाए-सान, या ठाण्यात तपास करता करता माझे केस पांढरे झाले. जिवंत माणूस लपवून खुनाचा आळ अंगावर घेणारी बाई मी अजून पाहिली नव्हती.

किकुनो : आता पाहिलीत. चहा बरा आहे तुमच्याकडचा.

तोकितो : थट्टा नाही ही. माझ्या हाताखालच्या शिपायाने अराकावा नदीतून फुगलेली प्रेतं ओढून काढली आहेत, वर आल्यावर निवांत डबा खातो. तो ‘लाल साचा’ बघताना अर्ध्यातून उठला आणि जिन्यात ओकला.

किकुनो : त्यांना माझा नमस्कार सांगा. अशी मनापासून दाद टोकियोत कुणी दिली नाही मला.

तोकितो : अमेरिकेत कुणीतरी या कॅसेटची नक्कल पाहिली आणि सरळ तिथल्या पोलिसांकडे गेला. म्हणाला, जपानात एका मुलीला कॅमेऱ्यापुढे जिवंत कापलंय. तिकडून वकिलातीत, वकिलातीतून मंत्रालयात, तिथून माझ्या टेबलावर. का, तर शूटिंग झालं ती बंद फाउंड्री, लोखंड ओतायचा कारखाना, आमच्या हद्दीत येते. इकडे गावातला महिला संघ कॅसेटच्या दुकानापुढे फलक घेऊन उभा. आणि तुमचे ते दिग्दर्शक उझावा काल याच खुर्चीत बसून मला काय म्हणाले, ठाऊक आहे?

किकुनो : काय म्हणाला गाढव?

तोकितो : म्हणाले, पोलिसांनासुद्धा हे खरं वाटलं असं लेखी द्या, पुढच्या कॅसेटच्या वेष्टनावर छापतो.

किकुनो : म्हणणारच तो. कोठडीत टाकलंत ना त्याला?

तोकितो : टाकलंय. तिथेही शिपायांना गोष्ट सांगत बसलाय. नागाए-सान, मुलीचा नवरा सकाळपासून खाली बाकावर बसलाय.

किकुनो : मिनेगिशी?

तोकितो : मिनेगिशी-सेन्सेई. आमच्या पोरांना दर रविवारी केन्दो शिकवतात. बांबूची तलवार कशी धरायची, मान ताठ कशी ठेवायची. सगळं ठाणं त्यांना वाकून नमस्कार करतं, मीसुद्धा. कॅसेट मला त्यांनीच आणून दिली. म्हणाले, ही माझी बायको सावा आहे, हिला या लोकांनी कापलंय, हिचा शोध घ्या.

किकुनो : रडले का?

तोकितो : काय?

किकुनो : कॅसेट देताना. रडले का?

तोकितो : प्रत्येक माणूस चारचौघांत रडत नाही.

किकुनो : बरं. ती पत्र्याची पेटी तुमच्याच माणसांनी माझ्या खोलीतून उचलून आणलीय. उघडा. वरचा कपडा बाजूला करा. तो डावा हात आहे, घ्या बाहेर. चावत नाही.

तोकितो : जड आहे.

किकुनो : हलका केला तर टेबलावर पडताना खोटा पडतो. आत डुकराच्या पायाचं हाड, त्यावर मेण, मेणावर रबर. ही नळी कोपरातून आत जाते, हिचं दुसरं टोक सायकलच्या पंपाला. पंप आणि करवत पेटीतच आहेत. करवत घ्या आणि कापा.

तोकितो : मी?

किकुनो : मी कापलं तर हातचलाखी म्हणाल. मनगटाच्या जरा वर लावा. पंप मी मारते.

तोकितो : कातडी ताणली जातेय नुसती.

किकुनो : ताणलीच पाहिजे. खरी कातडीही आधी करवतीबरोबर सरकते, मग फाटते. रेटा थोडं. हं. आता पिवळी चरबी दिसेल, ती मेणाची. त्याच्या खाली हाड.

तोकितो : लागलं हाड.

किकुनो : सिनेमात तो ओतारी इथे थांबतो, कपाळ पुसतो, नवं पातं लावतो. बघणारा तिथेच तोंड फिरवतो. कापण्याने नाही, पातं बदलण्याने. तुम्ही थांबू नका, चालू द्या.

तोकितो : बोटं हलली. नागाए-सान, बोटं हलली आत्ता.

किकुनो : तारा आहेत, पंप जोडताना माझ्या पायाच्या अंगठ्यात अडकवल्या. बघा खाली.

तोकितो : बस. पंप बस करा. गेला माझा शर्ट.

किकुनो : साखरेचा पाक आहे, खायचा लाल रंग आणि चमचाभर सोया सॉस. थंड पाण्यात टाका, निघतो. मी मुळात हॉटेलांच्या काचेत ठेवायचे मेणाचे पदार्थ करणारी बाई, साहेब. तळलेली कोळंबी, कापलेली मासळी, वाफाळता भात. लोक काचेला नाक लावून लाळ गाळायचे. उझावाने ते पाहिलं आणि म्हणाला, आजी, तुम्ही आतडी कराल का.

तोकितो : हात रबराचा. मानलं. तो डोळा बाहेर येतो तो?

किकुनो : लिचीचं फळ आणि जिलेटिन.

तोकितो : पोट फाडून जे काढतो ते?

किकुनो : ते खरं. बाजारातल्या कसायाकडून. डुकराचं. वास असा यायचा की कॅमेरावाला नाकात कापूर घालून उभा राहायचा.

तोकितो : ठीक. आता मला एक सांगा. सिनेमाच्या सुरुवातीला, अजून तिला कुणी हातही लावलेला नाही, तेव्हा मुलगी पाठमोरी बसून शर्ट काढते. पाठीवर डाग आहेत. काही निळे, काही पिवळे पडलेले, काही ताजे. मी तो भाग पुन्हापुन्हा लावून पाहिला. मारलेली माणसं मी आयुष्यभर बघतोय. रंग लावून असे डाग करता येतात?

किकुनो : कुणाला येत असतील. मी नाही केले.

तोकितो : मग कुणी केले?

किकुनो : खाली बाकावर बसलाय तो.

तोकितो : जपून बोला.

किकुनो : जपूनच बोलत होते सकाळपासून. तुम्ही डागांचं विचारलंत म्हणून सांगते. ती फाउंड्री मिनेगिशीच्या कंपनीची, किल्ल्या त्याच्याकडे. तो संघ घेऊन सेंदाईला स्पर्धेला गेला होता, म्हणून किल्ली द्यायला त्याची बायको आली. रोज दार उघडायची, जवाचा चहा करून आणायची, कोपऱ्यात उभं राहून बघायची. ज्या मुलीला उझावाने पैसे देऊन आणलं होतं तिने कसायाची बादली पाहिली आणि पहिल्याच दिवशी गाडी पकडून पळाली. उझावा डोकं आपटायला लागला. तेव्हा ही म्हणाली, मी करू का?

तोकितो : सावा-सान स्वतः म्हणाल्या?

किकुनो : स्वतः. मग मला तिच्या अंगाचा साचा काढावा लागला. कपडे काढून पालथी झोपवायची आणि वर प्लास्टर ओतायचं. तिने शर्ट काढला आणि माझ्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. मी विचारलं, गाडीखाली आलीस का बाई? तर म्हणाली, नाही, मिसोच्या सूपमध्ये मीठ जास्त झालं होतं.

तोकितो : हे ती म्हणाली. पुरावा?

किकुनो : प्लास्टर सगळं उचलतं, साहेब. ते धड बाहेर काढा पेटीतून. काढा. उजव्या कुशीवर बोट फिरवा. गाठ लागते का?

तोकितो : लागते.

किकुनो : बरगडी मोडून वाकडी जुळलीय. ती मी कोरलेली नाही, साच्यात तशीच उतरली. पाठीवर मी रंग चढवणार होते, तेवढ्यात उझावा आला आणि म्हणाला, वा, आजी, हे डाग तर तुमचं सगळ्यात भारी काम. झाकू नका. मी त्याला सांगणार होते. सावाने माझं मनगट दाबलं. मासिकांनीही तेच लिहिलं नंतर, डागांचं काम पाहून थरकाप होतो म्हणून. माझ्या कामातली जी एक गोष्ट सगळ्यांना आवडली ती माझी नव्हती.

तोकितो : ती पोलिसांकडे का आली नाही?

किकुनो : आली होती. तुमच्याच खालच्या खिडकीपाशी, एकदा नाही, परत परत. दर वेळी बसवून चहा दिला आणि सेन्सेईंना फोन करून न्यायला बोलावलं. नवराबायकोच्या भांडणात पोलीस पडत नाहीत म्हणे. शूटिंग संपलं त्या दिवशी उझावाने तिचे पैसे दिले, ते घेऊन ती गेली. मी पोचवलं तिला. कुठे, ते विचारू नका. तो खाली बसलेला असेपर्यंत तर नाहीच. खुनी म्हणायचं तर म्हणा मला.

तोकितो : नवराबायकोच्या भांडणात आम्ही खरंच पडत नाही, नागाए-सान. तसा कायदाच नाही.

किकुनो : म्हणून तर म्हणते, चहा बरा आहे तुमच्याकडचा.

तोकितो : मी सेन्सेईंना वर बोलावतो.

किकुनो : कशाला?

तोकितो : हे धड त्यांच्या बायकोच्या अंगावरून काढलंय का, हे नवऱ्यालाच विचारायला हवं. डोकंही आहे ना पेटीत? जोडा वर. केस नीट करा. खुर्चीत बसवा. आणि तुम्ही त्या कोपऱ्यात बसा. एक शब्द बोलायचा नाही.

किकुनो : तुम्हाला काय बघायचंय?

तोकितो : माहीत नाही मला. बघायचंय एवढं खरं. या, सेन्सेई, आत या. खाली ताटकळत ठेवलं, माफ करा.

मिनेगिशी : छे, छे, आपल्यालाच केवढा त्रास. ही थोडी मिठाई आणली आहे, मुलांना वाटून द्या. माझ्या घरच्या गोष्टीपायी सगळं ठाणं कामाला लागलं, मला मान वर करायला जागा नाही.

तोकितो : बसा. ही वस्तू सिनेमात वापरलेली आहे. रबराची आहे, मी स्वतः तपासली. मला फक्त एवढंच हवंय, ही सावा-सानसारखी दिसते का?

मिनेगिशी : हे कुणी केलं?

तोकितो : त्या कोपऱ्यात बसल्या आहेत त्या बाईंनी.

मिनेगिशी : फार सुंदर काम आहे. मानेवरचा तीळसुद्धा. बाई, हे आपण तिला समोर ठेवून केलंत?

तोकितो : त्या बोलणार नाहीत. मला सांगा, ही त्याच आहेत?

मिनेगिशी : तीच. म्हणजे ही यांच्यापुढे उघडी बसली होती. कॅमेऱ्यापुढे, त्या सगळ्या पुरुषांपुढे. हो ना?

तोकितो : सेन्सेई, तुमची पत्नी मेली असेल या काळजीने तुम्ही आला होतात. ही रबराची आहे. म्हणजे त्या जिवंत असण्याची आशा आहे.

मिनेगिशी : ती जिवंत आहे हे मला पहिल्यापासून माहीत आहे, तोकितो-सान. मरायची हिंमत नाही तिच्यात. पळालीय. मी एकटा किती शोधणार? खून म्हटल्यावर तुम्ही शोधाल, म्हणून आलो.

तोकितो : म्हणजे तक्रार खोटी?

मिनेगिशी : खोटी कशी? माझ्या घरातलं माणूस गेलंय. ही बघा, कशी बघतेय. असंच बघायची. बोलायची नाही, नुसती जमिनीकडे बघत राहायची. वर बघ.

तोकितो : सेन्सेई.

मिनेगिशी : तोंड वर कर म्हटलं ना.

तोकितो : मिनेगिशी-सेन्सेई, केस सोडा तिचे. रबर आहे ते.

मिनेगिशी : रबर आहे हे कळतंय मला. मी काय वेडा आहे? मी माझ्या बायकोशी बोलतोय. किल्ली द्यायला पाठवलं होतं तुला. किल्ली द्यायला. दुसरं काही सांगितलं होतं का?

तोकितो : हात आवरा. ऐकू येतंय का? कुशीत मारू नका, ते... सेन्सेई, थांबा.

मिनेगिशी : काही सांगितलं होतं का मी?

किकुनो : बाजूला हो. ए, बाजूला हो तिच्यापासून. शिवण उसवेल, माझं काम आहे ते.

मिनेगिशी : तू तिला शिकवलंस. थेरडे, तूच.

किकुनो : मार. मला मार. माझं सूप कधी खारट झालं होतं ते सांग आणि मार.

तोकितो : नागाए-सान, मागे व्हा. मिनेगिशी, हात खाली. खाली म्हटलं ना. अरे, वर या कुणीतरी, दोघं-तिघं या, धरा याला. मान धरा. सोडू नका. नागाए-सान, हलू नका. तोंड उघडू नका. डॉक्टरला बोलवा, जबडा मोडलाय बाईंचा. नाही, हा पाक नाही, मूर्खा, हे रक्त आहे. टॉवेल आण.

मिनेगिशी : पोरांनो, सोडा. मी तुमचा सेन्सेई आहे.

तोकितो : बेड्या घाला.

(काही दिवसांनी. डोंगरातलं गुजो गाव. किकुनोच्या भावाची मेणाचे पदार्थ करायची कार्यशाळा. सकाळ.)

सावा : तुम्ही पोलीस आहात ना? दारातून बघत होतात तेव्हाच ओळखलं. आत या, हात नाही धुता येणार आत्ता, मेण थिजेल.

तोकितो : करा तुम्ही तुमचं. मी तोकितो. नागाए-सानने पत्ता दिला.

सावा : त्यांनी दिला? कसा दिला? त्या तर कुणालाच सांगणार नव्हत्या.

तोकितो : शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच सांगितलं. जबडा तारेने बांधलाय, तरी दातांतून बोलल्या. म्हणाल्या, आता त्या माणसाला डोळ्यांनी पाहिलंत, आता जा आणि तिलाही बघून या. डॉक्टरांना शिव्याही तशाच दातांतून देतात. पेज पचत नाही म्हणतात, कोळंबी मागतात.

सावा : माझ्यामुळे झालं.

तोकितो : नाही. त्याला वर मी बोलावलं होतं. तो दोष माझा. हे काय करताय, कोबी?

सावा : सॅलडचं पान. कोमट पाण्यात आधी पांढरं मेण सोडायचं, मग हिरवं, आणि पाण्याखालीच ओढायचं. ओढलं की शिरा आपोआप उमटतात. माझं पान अजून जाड होतं. नागाए-सानचे भाऊ म्हणतात, हे पान खाणाऱ्याचे दात पडतील. तो कुठे आहे?

तोकितो : कोठडीत. पोलीस ठाण्यात, माझ्यासमोर एका बाईचा जबडा मोडला. यातून त्याला कुणी सोडवू शकत नाही, त्याच्या कंपनीनेही हात वर केलेत. सरकारी वकील म्हणतात, तुरुंगात जाईल.

सावा : माझी बरगडी मोडली होती तेव्हा नाही गेला.

तोकितो : तेव्हा ते घरातलं होतं.

सावा : आणि हे बाहेरचं.

तोकितो : हो. तुम्ही आमच्या खिडकीपाशी आला होतात, हे मला नागाए-सानकडून कळलं. मग मी खिडकीवरच्या पोरांना समोर उभं केलं. एकजात सगळे म्हणाले, सेन्सेईंची बायको आहे, काय करणार. त्यांच्यावरही मी वर कळवलंय. त्याने काय होईल ठाऊक नाही. मिनेगिशीवर अजून एक कलम लागलंय. दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस.

सावा : कसली मालमत्ता?

तोकितो : ते रबराचं धड. पार फाटलं.

सावा : बाहुलीला मारलं म्हणून गुन्हा?

तोकितो : कायद्याने ती नागाए-सानच्या मालकीची वस्तू आहे.

सावा : माझ्याच मापाची होती ती.

तोकितो : हो.

सावा : हसू नये, पण हसू येतंय. माफ करा. कुठे मारलं तिला? आधी तोंड वर कर म्हणाला असेल.

तोकितो : म्हणाला. केस धरून.

सावा : मग उजव्या कुशीत.

तोकितो : तिथेच. मुठीने. पुन्हा पुन्हा तिथेच.

सावा : मग पाठीला वळवतो.

तोकितो : तिथवर पोचला नाही. नागाए-सान मध्ये आल्या.

सावा : आजवर मध्ये कुणी आलं नव्हतं.

तोकितो : सावा-सान, मी ज्या कामाला आलोय ते बोलतो. तुम्ही जिवंत आहात हे मी डोळ्यांनी पाहिलं. आता मला ते वर कळवावं लागेल. तोवर उझावा आत आहे, आणि नागाए-सानच्या खाटेशेजारी एक शिपाई बसवून ठेवलाय.

सावा : नाही कळवलं तर?

तोकितो : तर ते दोघं खुनी ठरण्याचा धोका आहे.

सावा : मी मेलेलीच बरी होते. इथे आल्यापासून पहिल्यांदा मला रात्रभर झोप लागते. कुणाच्या लेखी मी नाहीच, म्हणून लागते. तुम्ही कळवलंत की त्यालाही कळणार.

तोकितो : जिवंत आहात एवढं कळणार. कुठे, ते कुणालाही नाही. वर तसंच कळवेन. कुणी विचारलं तर मी विसरलो म्हणेन, माझं वय झालंय, पटेल लोकांना. इथल्या जिल्ह्यातल्या एका वकीलबाईंना मी काल भेटलो. घटस्फोटाचं त्या बघतील. त्याने बाईचा जबडा मोडलाय हे न्यायाधीशापुढे आलं की तुमचं म्हणणं कुणी खोटं म्हणणार नाही.

सावा : आधी म्हणाले असते.

तोकितो : आधी मीही म्हटलं असतं, बहुधा.

सावा : कळवा. जिवंत आहे म्हणून कळवा. नागाए-सानच्या खाटेपाशी पोलीस नको.

तोकितो : दुपारच्या गाडीने जाऊन कळवतो.

सावा : बसा थोडं. भाताचे मुटके आहेत, खरे. शेजारच्या ताटातले उचलू नका, ते मेणाचे आहेत. पेपरात वाचलं, अमेरिकेतल्या कुणीतरी तक्रार केली म्हणून. त्या माणसाला कळवणार?

तोकितो : कळवलं होतं, की सगळं रबर आणि डुकराची आतडी आहेत. त्याचा विश्वास बसला नाही म्हणे. आपल्याकडचीही तीच गत. दुकानांनी कॅसेट काढून टाकल्या तर कॉलेजची पोरं आता तिप्पट पैसे मोजून हातोहात फिरवतात. कुठल्याशा मासिकाने तर ‘लाल साचा’मधली मुलगी खरंच मेली, पोलीस लपवतायत, असं छापलंय.

सावा : मी पाहिला नाही तो. अजूनही नाही.

तोकितो : नका बघू.

सावा : काय कापतो तो शेवटी? मी तेव्हा डोळे मिटून होते.

तोकितो : सगळंच. शेवटी भट्टीत ओततो.

सावा : ते नागाए-सानचं काम. माझं फक्त आधीचं होतं, खांबाला बांधलेलं.

तोकितो : तेच तर. लोकांना पटतं ते त्यामुळेच. आतडी बघून थोडा वेळ मळमळतं, पण नंतर आठवत राहतो तो तुमचा आवाज. माझ्या बायकोने शेजारच्या खोलीतून ऐकला आणि हातातलं टाकून धावत आली, कुणाला काय झालं म्हणून. विचारू नये, तरी विचारतो. तुम्ही काही नटी नाही. कसं ओरडलात तसं?

सावा : घरी आवाज काढायची सोय नव्हती. भिंती पातळ, शेजाऱ्यांना कळलं तर अजून मार बसायचा. उशी दातात धरायचे मी. तिथे उझावा-सान म्हणाले, मोठ्याने ओरडा. ओरडले. म्हणाले, अजून मोठ्याने, घाबरू नका, या कारखान्यात कुणाला ऐकू जात नाही.

तोकितो : त्रास झाला असेल.

सावा : नाही. ओरडून झालं की कुणीतरी पाठीवर घोंगडी टाकायचं. गरम चहा द्यायचं. आणि उझावा-सान ‘थांबा’ म्हणाले की सगळे थांबायचे.